शंभरावे मेंढरू

मराठीत एखाद्याला मेंढरू म्हणणे ही काही शाबासकी नव्हे. स्वतःची बुद्धी गहाण टाकून पुढच्याच्या शेपटीमागे चालणाऱ्याला आपण मेंढरू म्हणतो. संस्कृत पंडितांनी या आंधळ्या चालीला ‘गड्डरिकाप्रवाह’ असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे. घंटा होताच एकाच दारात गर्दी करणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षकही हाच शब्द बहाल करतो, आणि तो ऐकून मुले खजील होतात. कारण त्या शब्दातला अपमान त्यांना न सांगता कळतो.

आणि तरीही जगातल्या कोट्यवधी माणसांना गेली दोन हजार वर्षे, आणि यहुदी लोकांना त्याच्याही कितीतरी आधीपासून, स्वतःला देवाचे मेंढरू म्हणवून घेण्यात अपार दिलासा वाटत आला आहे. आजाऱ्याच्या उशाशी आणि कबरीच्या काठावर जी स्तोत्रे पुन्हा पुन्हा म्हटली जातात त्यांत दाविदाच्या नावावर असलेले तेविसावे स्तोत्र अग्रभागी असते. अवघ्या सहा वचनांचे ते स्तोत्र! त्यात देव मेंढपाळ आहे आणि म्हणणारा त्याच्या कळपातला एक. आपल्याला जो शब्द शिवीसारखा लागतो तोच दुसऱ्या कोणाला मायेच्या हातासारखा लागावा, हे कसे?

मी ख्रिस्ती नाही. वारकरी घरात वाढले. पदवीचा शिक्का माझ्याजवळ नाही आणि धर्मशास्त्राचा व्यासंगही नाही. दिवसा मुलांना शिकवणे आणि रात्री कादंबऱ्यांचे कागद काळे करणे एवढाच माझा व्यवसाय. परंतु या दोन्ही उद्योगांत एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. जो दुसऱ्याचा सांभाळ करतो तो कशासाठी करतो? आणि ज्याचा सांभाळ होतो त्याने त्यासाठी काय मोजायचे? या प्रश्नाकडे पाहायला मेंढपाळाच्या चित्राइतके चांगले चित्र मला दुसरे सापडले नाही. म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर हा थोडा जड पदार्थ वाचकांच्या ताटात वाढण्याचे धाडस करीत आहे.

ज्या भूमीत हे चित्र जन्मले ती भूमी आधी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. बेथलेहेम हे दाविदाचे गाव यहुदियाच्या डोंगरमाथ्यावर वसले आहे. तिथून पूर्वेला मृत समुद्राकडे उतरू लागले, की पंचवीसएक किलोमीटरांत जमीन हजार मीटरांहून अधिक खाली जाते. मधले सगळे रान उघडेबोडके, खडकाळ, पाण्याच्या लोंढ्यांनी चिरून काढलेल्या खोल घळींचे. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि तोही बेताचा. त्याच्या मागोमाग थोडे दिवस डोंगरावर हिरवी लव दिसते आणि मग उन्हाने वाळून जाते. अशा मुलखात मेंढराला कुरण आपोआप भेटत नाही. ते कुणीतरी शोधावे लागते. पाणी कुठे आहे हे मेंढराला नव्हे, मेंढपाळाला ठाऊक असते. आपल्याकडे दिवाळी सरता सरता घाट उतरून निघालेले धनगरांचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत, घोड्याच्या पाठीवर बांधलेला संसार आणि नुकते जन्मलेले कोकरू काखेत घेऊन चाललेली बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट फार समजावून सांगायला नको.

त्या स्तोत्रात एका काळोख्या घळीचा उल्लेख येतो. पुष्कळांना वाटते, की देव आपल्याला त्या घळीपासून दूर ठेवील असे आश्वासन त्यात आहे. नीट वाचले म्हणजे ध्यानात येते, की तसे वचन त्यात कुठेच नाही. घळ आहे, काळोख आहे आणि त्यातून जायचेही आहे. वचन आहे ते फक्त सोबतीचे. आणखी एक बारीकशी गोष्ट आहे. स्तोत्राच्या आरंभी कवी देवाविषयी बोलतो; तो असे करतो, तो तसे करतो. घळ आली रे आली, की तो देवाशी बोलू लागतो. तोवरचा ‘तो’ त्या अंधारात ‘तू’ होतो. दुःखात ज्यांनी कधी कुणाचा हात घट्ट धरला असेल त्यांना या एका सर्वनामाचे मोल सांगायला भाष्यकार नको.

पण एवढ्यावर समाधान मानणे मला जमत नाही. कारण मेंढपाळ मेंढ्या कशासाठी पाळतो हे आपल्याला चांगले ठाऊक असते. लोकरीसाठी, दुधासाठी आणि शेवटी मांसासाठी! ही शंका काही माझी नव्हे. ती फार जुनी आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात थ्रॅसिमॅकस नावाचा एक तापट गृहस्थ सॉक्रेटिसाला हेच सुनावतो. त्याचे म्हणणे असे, की गुराखी आणि मेंढपाळ जनावरांना धष्टपुष्ट करतात ते जनावरांच्या भल्यासाठी नव्हे, तर धन्याच्या आणि स्वतःच्या फायद्यासाठी. राज्यकर्तेही प्रजेकडे त्याच नजरेने पाहतात. सॉक्रेटिस त्याला उत्तर देतो, की मेंढ्या राखण्याची विद्या ही विद्या म्हणून मेंढ्यांचेच हित पाहते. त्यातून पैसा मिळवणे हा वेगळा धंदा झाला. उत्तर हुशारीचे खरे. पण थ्रॅसिमॅकसचा टोला त्याने पुरता परतवला असे मला वाटत नाही. चारा खाटीकही घालतो. मग चारा घालणाऱ्या दोन हातांपैकी राखणारा हात कोणता आणि कापणारा कोणता, हे मेंढराने कशावरून ओळखावे?

आपल्या संतांच्या वाट्याला हा प्रश्न आला नाही, कारण त्यांनी देवाला आई मानले. विठ्ठल ही माउली झाली. दिवाळीचा पहिला दिवाही आपण वसुबारसेला गाय आणि वासरू यांच्यापुढे लावतो. गाय वासराला का चाटते असे कुणी विचारीत नाही. ते तिच्या पोटचे असते. तिथे ‘का’ या शब्दाला जागाच नसते. मेंढपाळाचे तसे नाही. मेंढरू त्याच्या पोटी जन्मलेले नसते. त्याने ते विकत घेतलेले असते, किंवा दुसऱ्याचे राखायला घेतलेले असते. तिथे माया गृहीत धरता येत नाही. ती पारखूनच घ्यावी लागते. मी घरी आई आहे आणि शाळेत ‘बाई’ आहे. एका अक्षराचा फरक, पण त्या एका अक्षरात हा सगळा प्रश्न सामावलेला आहे. पोटच्या पोरासाठी रात्र जागवताना मला कधी कारण शोधावे लागत नाही. वर्गातल्या चाळीस परक्या मुलांसाठी मात्र रोज सकाळी नव्याने ठरवावे लागते.

म्हणूनच की काय, हे चित्र प्रथम देवळात दिसत नाही, राजवाड्यात दिसते. इसवी सनापूर्वीच्या अठराव्या शतकातला बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने आपले कायदे एका काळ्या शिळेवर कोरून घेतले. १९०१-०२ च्या सुमारास ती शिळा इराणातल्या सूसा येथे उत्खननात सापडली आणि आता ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्या प्रस्तावनेत राजा स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेतो. इजिप्तचे फारो हाती मेंढपाळाची आकडेदार काठी धरीत. होमरच्या काव्यातही राजाला लोकांचा मेंढपाळ हे बिरूद आहे. सिंहासनावर बसलेल्याला हे नाव फार सोयीचे होते. मी पाळणारा, तुम्ही पाळले जाणारे. मी हाकीन तिकडे चला! या अर्थाने पाहिले तर थ्रॅसिमॅकसचेच खरे ठरते.

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांनी या राजेशाही चित्राचे जे केले ते मला मोठे धाडसाचे वाटते. त्यांनी ते चित्र राजाच्या हातून काढून घेतले आणि त्याचाच फटका राजाला मारला. दावीद हा मुळात मेंढपाळ. बापाच्या मेंढ्या राखताना सिंहाच्या आणि अस्वलाच्या तोंडातून त्याने कोकरू सोडवले होते. पुढे हाच पोरगा राजा झाला, आणि आपल्याच एका इमानी सैनिकाची बायको त्याने हिरावून घेतली; त्या सैनिकाला लढाईत मरणाच्या तोंडी दिले. तेव्हा नाथान नावाचा संदेष्टा त्याच्यापुढे आला आणि त्याने एक साधी गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे मेंढ्यांचे कळप होते. शेजारच्या गरिबाजवळ एकच कोकरी. ती त्याच्याच ताटातले खाई, त्याच्याच कुशीत निजे. श्रीमंताकडे पाहुणा आला, आणि त्याने पाहुण्यासाठी आपले जनावर न मारता गरिबाची ती कोकरी नेऊन कापली. ऐकून दावीद संतापला; अशा माणसाला मरणच योग्य, असे तो म्हणाला. नाथानाने तो माणूस कोण हे त्याला तिथेच दाखवून दिले. राजाच्या आत झोपलेल्या मेंढपाळाला जागे करून त्याच्याकडूनच राजाला दोषी ठरवले, हे या गोष्टीचे मर्म आहे.

बाबिलोनच्या बंदिवासात असताना यहेज्केल संदेष्ट्याने तर मेंढपाळांवर आरोपपत्रच लिहिले. तुम्ही मेंढरांची चरबी खाल्लीत, लोकर पांघरलीत. पण दुबळ्याला बळ दिले नाही, आजाऱ्याला औषध लावले नाही, मोडलेल्याला बांधले नाही आणि हरवलेल्याला शोधले नाही, असा त्या आरोपाचा आशय आहे. आणि म्हणून देव स्वतःच आपली मेंढरे राखायला उतरणार आहे! एवढ्यावर तो थांबत नाही. मेंढरांतही जी मातलेली आहेत, जी आधी आपण पाणी पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करून दुबळ्यांसाठी ठेवतात, त्यांचाही न्याय होईल असे तो बजावतो. पाणवठ्यावर कोण आधी पाणी भरतो आणि कोणाला गढूळ उरते हे ज्या देशाने पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे, त्या देशात हे शब्द परके वाटण्याचे कारण नाही.

या सगळ्या ग्रंथात मेंढपाळाचा हिशेब कसा घेतला जाई तेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्याचे मेंढरू राखायला घेतले आणि हिंस्र पशूने ते फाडले, तर उरलेला तुकडा पुरावा म्हणून आणून दाखवायचा, मग भरपाई द्यावी लागत नसे, असा नियम होता. आमोस हा संदेष्टा स्वतः मेंढ्या राखणाराच. त्याने सिंहाच्या तोंडातून मेंढराचे दोन पाय किंवा कानाचा तुकडा ओढून काढणाऱ्या मेंढपाळाचा दाखला दिला आहे. सगळे मेंढरू वाचवता आले नाही, तरी निदान कानाचा तुकडा हाती हवा. मी पळालो नाही, मी झटलो, याची ती खूण! याकोबाने मात्र सासऱ्यापुढे सांगितले, की वीस वर्षांत त्याने असे तुकडे कधी आणून दाखवले नाहीत. जे गेले ते स्वतःच्या पदरचे भरले. कायदा जेवढे मागतो तेवढे करणारा एक मेंढपाळ आणि त्याच्या पलीकडे जाणारा दुसरा, असा भेद इथे प्रथम दिसतो.

याच वाटेने पुढे येशूचे बोल येतात. योहानाने सांगितलेल्या शुभवर्तमानात तो स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो, आणि मोलाने ठेवलेल्या राखणदाराशी आपली तुलना करतो. लांडगा येईपर्यंत त्या दोघांत काहीच फरक दिसत नाही. दोघेही काठी घेऊन उभे असतात. कदाचित मोलकऱ्याचीच काठी अधिक चकचकीत असेल. लांडगा आला म्हणजे एक पळतो आणि दुसरा मेंढरांसाठी जीव देतो. थ्रॅसिमॅकसला दिलेले हे खरे उत्तर आहे असे मला वाटते. राखणारा हात कोणता हे चाऱ्यावरून ओळखता येत नाही. लांडगा आल्यावर नुकसान कोण सोसतो यावरून ते ओळखायचे. जो सांभाळ सांभाळणाऱ्याला कधीच काही गमवायला लावीत नाही, त्याला सांभाळ न म्हणता गुंतवणूक म्हणावे.

शंभर मेंढरांचा तो प्रसिद्ध दाखला लूक आणि मत्तय या दोघांनी सांगितला आहे. शंभरांतले एक हरवते. मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात निघतो. सापडल्यावर त्याला खांद्यावर घेऊन घरी येतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. लूकच्या सांगण्याप्रमाणे, हा माणूस जकातदार आणि पापी लोकांच्या पंक्तीला बसतो अशी कुरकुर करणाऱ्या शिष्ट मंडळींना हा दाखला ऐकवला होता. मत्तयाच्या सांगण्यात तो लहानग्यांना तुच्छ लेखू नका या उपदेशाच्या ओघात येतो. गणिताच्या तासाला हा दाखला घातला तर मुले मेंढपाळाला नापास करतील. एकासाठी नव्याण्णव धोक्यात घालणे हा कुठला व्यवहार?

मी या आक्षेपाचा पुष्कळ विचार केला आहे. कारण तो माझ्या धंद्यातला आक्षेप आहे. आमच्या भागात दिवाळीनंतर शाळा भरते तेव्हा वर्गातल्या काही जागा रिकाम्या असतात. आईबाप ऊसतोडीला जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात; हजेरीपटावर नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. एका वर्षी अशा नऊ जागा रिकाम्या झाल्या. आठांचा पत्ता लागला. नववा, एक अकरा वर्षांचा मुलगा, कुठे गेला हे कुणी सांगेना. एके दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर शेजारच्या वर्गाच्या गुरुजींना माझ्या वर्गावर लक्ष ठेवायला सांगून मी त्याच्या घरी गेले. म्हातारी आजी म्हणाली, पोरगं माळावर आहे. बापाने उचल घेतली होती ती फिटेपर्यंत त्याला एकाच्या मेंढ्या राखायला ठेवले होते. मी माळ चढून गेले. तो दगडावर बसला होता. मला पाहून उभा राहिला. मी त्याला म्हटले, “अरे, शाळेत चल. तुझी जागा रिकामी आहे.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाई, मी आलो तर ह्यांच्याकडं कोण बघणार?” आणि लगेच, अगदी भोळेपणाने, “तुमच्या वर्गाकडं आत्ता कोण बघतंय?”

नव्याण्णवांची बाजू याहून थोडक्यात कोणी मांडली असेल असे मला वाटत नाही! मी त्याला म्हटले, की वर्ग गुरुजींच्या हवाली करून आले आहे, आणि तू हरवला आहेस हे सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. त्यावर त्याचा चेहरा एकदम बदलला. “वर्गात माझं नाव घेता रोज?” त्याने विचारले. मी “घेते” म्हणाले. त्या ‘घेते’त काय होते ते मला त्याच्या डोळ्यांत दिसले. आपल्या नावावर कुणीतरी रोज क्षणभर थांबते, एवढेच.

नव्याण्णवांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या माळावर मिळाले. जो मेंढपाळ ‘शंभरांत एक जायचेच’ म्हणून हिशेब मिटवतो, त्याच्या कळपात उरलेल्या नव्याण्णवांपैकी प्रत्येक जण उद्याचा तो ‘एक’ असतो. उलट एकासाठी रान तुडवणाऱ्या मेंढपाळाच्या कळपात नव्याण्णवही निर्धास्त झोपतात. कारण आपण हरवलो तर आपल्यालाही शोधतील हे त्यांना कळलेले असते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलाची हकीगत सांगितली तेव्हा कुणीही ‘काल आमचा तास बुडाला’ असे म्हटले नाही. उलट रोज हजेरीच्या वेळी ‘तो कधी येणार?’ असे विचारणारे पाच-सहा आवाज तयार झाले. आणि त्या मुलाकडून आणखी एक गोष्ट कळली. तो मोलानेच राखत होता, मेंढ्या त्याच्या नव्हत्या. तरी तो त्यांना सोडून यायला तयार नव्हता. म्हणजे मोलकरी कोण आणि मेंढपाळ कोण हे मालकीच्या कागदावर ठरत नाही. ते मनावर ठरते.

आता पहिल्या अपमानाकडे वळू या. माणसाला मेंढरू म्हटले ते मुकाट्याने मान खाली घालून चालावे म्हणूनच ना? मला तसे वाटत नाही. मत्तयाने न्यायाच्या दिवसाचे जे चित्र दिले आहे त्यात मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे अशी निवड होते. उजवीकडच्यांचा कोणता गुण पाहिला जातो? आज्ञाधारकपणा नव्हे. त्यांनी भुकेल्याला अन्न दिले, तहानेल्याला पाणी दिले, परक्याला घरात घेतले, उघड्याला वस्त्र दिले, आजाऱ्याची विचारपूस केली, तुरुंगातल्याची भेट घेतली. म्हणजे जी मेंढरे दुसऱ्यांची मेंढपाळ झाली तीच खरी मेंढरे! योहानाच्या शुभवर्तमानात येशूला देवाचे कोकरू म्हटले आहे, आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात तर ते कोकरूच मेंढपाळ होऊन सगळ्यांना पाण्याकडे नेते. राखणारा आणि राखला जाणारा यांच्यामधली भिंतच तिथे पडते. खाटकाच्या सुरीची जी भीती थ्रॅसिमॅकसने घातली होती, तिच्यावर ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे एवढेच, की ती सुरी मेंढपाळाने स्वतःच्या मानेवर घेतली.

ही गोष्ट पहिल्या ख्रिस्ती माणसांना फार जवळची वाटली असावी. सीरियातल्या युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या गावी तिसऱ्या शतकातले, साध्या घराचे केलेले एक प्रार्थनास्थळ १९३० नंतरच्या उत्खननात सापडले. इसवी सन २५६ च्या सुमारास वेढ्याच्या धामधुमीत ते तटाच्या भरावाखाली गाडले गेले, म्हणूनच टिकले. तिथे बाप्तिस्म्याच्या कुंडावरच्या भिंतीवर मेंढरू खांद्यावर घेतलेला एक मेंढपाळ रंगवलेला आहे. ते चित्र आता अमेरिकेतल्या येल विद्यापीठाकडे आहे. रोमच्या भुयारी दफनस्थळांतही तोच तरुण, दाढी नसलेला, आखूड अंगरख्यातला मेंढपाळ पुन्हा पुन्हा भेटतो. खांद्यावर जनावर वाहणाऱ्या माणसाची आकृती ग्रीक कलेत आधीपासून होती. ख्रिस्ती लोकांनी ती उचलली आणि आपल्या मेलेल्यांच्या उशाशी ठेवली. त्या काळच्या भिंतींवर क्रूसावरचा येशू जवळजवळ दिसत नाही; खांद्यावर ओझे घेतलेला येशू दिसतो.

पुढे ३१३ मध्ये या धर्माला रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाली, आणि हळूहळू मेंढपाळाचा पोशाख बदलला. इटलीतल्या राव्हेन्ना येथे गाला प्लासिदिया या राणीच्या नावाने ओळखली जाणारी पाचव्या शतकातली वास्तू आहे. तिथल्या रंगीत खड्यांच्या चित्रात मेंढपाळ सोनेरी झग्यात, जांभळ्या वस्त्रासह बसलेला आहे; हाती सोन्याचा क्रूस. चित्र अप्रतिम सुंदर आहे. एक हात त्याने एका मेंढराकडे मायेने नेला आहे खरा. पण खांद्यावर मात्र कोणी नाही. राजाच्या हातून काढून घेतलेली काठी पुन्हा राजाच्या हाती गेली की काय, असा चटका ते सौंदर्य पाहताना मनाला बसतो.

तो चटका खोटा नाही. धर्मगुरूंना मेंढपाळ म्हणण्याची चाल पडली. ‘पास्टर’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मेंढपाळ, आणि आपल्याकडचे ख्रिस्ती बांधव आपल्या धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात. बिशपच्या हाती आकड्याची काठी आली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी या पाळकांची कर्तव्ये सांगणारा ग्रंथ लिहिला, तो पुढे शतकानुशतके वाचला गेला. पण ग्रंथाने माणूस मेंढपाळ होत नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने उघडकीस आणले, की लहान मुलांवर अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या धर्मगुरूंना वरिष्ठ मंडळी शिक्षा न करता एका गावाहून दुसऱ्या गावी बदलत राहिली. लांडगा दिसत असताना कळपाऐवजी वाड्याची अब्रू राखली गेली. यावर परक्या माणसाने कठोर शब्द शोधण्याची गरज नाही. यहेज्केलने ते आधीच लिहून ठेवले आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २८ मार्च २०१३ रोजी धर्मगुरूंना जे सांगितले त्याचा आशयही हाच होता, की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा. सोनेरी झग्याला तो वास लागत नाही.

मला वाटते, या चित्राची खरी किल्ली येशू आणि पेत्र यांच्या शेवटच्या भेटीत आहे. ज्या पेत्राने तीनदा ओळख नाकारली त्याला येशू तीनदा आपल्या प्रेमाविषयी विचारतो आणि तीनदा कळप सोपवतो. पण प्रत्येक वेळी कळप ‘माझा’ असे म्हणतो. आता हा तुझा, असे तो एकदाही म्हणत नाही. माणसाच्या हाती आलेला कोणताही कळप, मग तो देवळातला असो, राज्यातला असो, वर्गातला असो की घरातला, त्याच्या मालकीचा नसतो; राखायला दिलेला असतो. हे चित्र मेंढरांना गरीब राहायला शिकवण्यासाठी नाही. ज्यांच्या हाती काठी आहे त्यांना जाब विचारण्यासाठी आहे. ज्या दिवशी काठीवाला हे चित्र मेंढरांना गप्प बसवायला वापरतो, त्या दिवशी तो खाटकाच्या बाजूला गेलेला असतो.

शेवटी एक शंका उरतेच. सापडली नाहीत त्या मेंढरांचे काय? माळावरचा तो मुलगा त्या वर्षी संक्रांतीनंतर शाळेत आला, परीक्षेला बसला आणि पास झाला. पुढच्या दिवाळीनंतर घराला कुलूप होते. ते कुटुंब शहराकडे गेले होते, आणि पुष्कळ विचारपूस करूनही त्यांचा ठावठिकाणा मला लागला नाही. शंभर मेंढरांचा दाखला पुन्हा वाचताना एक फरक नजरेस आला. लूकच्या सांगण्यात मेंढपाळ सापडेपर्यंत शोधतो. मत्तयाच्या सांगण्यात मात्र एक लहानसा ‘जर’ आहे. जर ते सापडले, तर आनंद होतो. भाविक म्हणेल, की ‘जर’ माणसाच्या शोधाला आहे आणि ‘सापडेपर्यंत’ हे देवाच्या शोधाला. ते खरे असावे असे मला फार वाटते. पण वाटण्याला मी पुरावा म्हणणार नाही. माझ्या वाट्याला ‘जर’ आला आहे, आणि त्या ‘जर’सकट माळ चढायचा आहे, एवढे मला कळते.

आपल्या भाषेने या बाबतीत एक शहाणपण करून ठेवले आहे. आपण जनावर पाळतो, आणि शब्दही पाळतो. दोन्हींना क्रियापद एकच. ज्याने कुणाला पाळायला घेतले त्याने न बोलता एक शब्दही दिलेला असतो, आणि तो शब्द पाळला तरच ते पाळणे खरे. या चार दिवसांत घरोघर पंगती बसतील. वाढणाऱ्या हाताला साऱ्या पंगतीचे कौतुक असतेच. पण एखादे पान रिकामे आहे, एखादे माणूस या वर्षी आले नाही, एखादे कोपऱ्यात गप्प बसले आहे, हे जिच्या किंवा ज्याच्या ध्यानात येते आणि जो ताट बाजूला ठेवून उंबऱ्याबाहेर डोकावतो, त्याला मेंढपाळाचे चित्र समजावून सांगावे लागत नाही.